विकायचं कारण

मामाच्या वहीत मालकाचं नाव कधीच नसायचं. ‘गुलमंडी, दोन मजली, दगडी जोतं, वर पत्रे, मागे आड, तीन भाऊ’ एवढीच ओळ. नाव लिहिलं आणि वही दुसऱ्याच्या हाती लागली की गिऱ्हाईक थेट मालकाच्या दारात उभं राहणार, म्हणून नाव डोक्यात आणि घर वहीत, हा त्याचा पहिला नियम. दुसरा नियम ओळीच्या शेवटचा. तिथे विकायचं कारण लिहिल्याशिवाय ओळ पुरी होत नसे. ‘पोरीचं लग्न.’ ‘पोरगा पुण्याला.’ ‘वाटणी.’ ‘दवाखाना.’ एखाद्या ओळीपुढे नुसतं ‘घाई’. कारण न सांगणाऱ्या मालकाचं घर तो वहीत घेतच नसे. ‘का विकायलाय ते कळलं की भाव विचारायची गरज राहत नाही,’ असं म्हणायचा आणि भाव तरीही विचारायचा.

हे १९८०च्या दशकातलं औरंगाबाद. मामा दिवसभर गुलमंडीवरच्या एका कापड दुकानात हिशेब लिहायचा आणि संध्याकाळी दलाली करायचा. त्याचं ऑफिस नव्हतं, पाटी नव्हती. पैठण गेटजवळच्या एका हॉटेलातलं कोपऱ्यातलं टेबल आणि निरोपापुरता दुकानाचा फोन, एवढ्या भांडवलावर शहरातल्या घरांची उलाढाल चाले. शहर तेव्हा हातपाय पसरत होतं. १९८१ला उच्च न्यायालयाचं खंडपीठ आलं आणि त्यामागोमाग परभणी, बीड, लातूरचे वकील घरं धुंडाळत आले. १९८२च्या डिसेंबरात नगरपालिकेची महापालिका झाली. १९८५ला वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि नाक्या-नाक्यावर ‘दोन खोल्या मिळतील का’ विचारणारी तरुण पोरं दिसू लागली. मामाची वही दोन्ही बाजूंनी भरत जाई. पुढून ‘गाव’, उलट्या बाजूने ‘सिडको’.

गावातल्या नोंदींना चतुःसीमा लागत. पूर्वेस कुणाचं घर, दक्षिणेस बोळ, पश्चिमेस सामाईक भिंत. सिडकोच्या नोंदींना त्याची गरजच नव्हती. तिथे एन-एकपासून एन-तेरापर्यंत आकडे होते, रो हाऊस होते, एलआयजी-एमआयजी होते. सगळ्या घरांचा साचा एक, त्यामुळे ‘एन-सात, एलआयजी, कोपरा’ एवढ्यात घर डोळ्यांपुढे उभं राही. मामाला ही बाजू बेचव वाटे. शिवाय सिडकोची जमीन भाडेपट्ट्याची. विकायचं तर सिडकोची परवानगी, हस्तांतराचं शुल्क, फायलीचा नंबर. ‘घर मालकाचं, जमीन साहेबाची’ म्हणत तो हात झटकायचा. पण दलालीचा पैसा हळूहळू त्याच बाजूला सरकला आणि वही उलटीकडून लवकर भरू लागली.

नोंद वहीत चढण्याआधी तो काय बघायचा, हे लहानपणी त्याच्या मागे हिंडताना मी पाहिलं आहे. गावातलं घर असेल तर सिटी सर्व्हेचा उतारा आणि घरपट्टीची पावती. शहराच्या कडेची जमीन असेल तर सातबारा, आणि सातबाऱ्यावर त्याचा भरवसा नसे. तो मागे जायचा, थेट १९५४-५५च्या खासरा पाहणी पत्रकापर्यंत. मराठवाड्यात जमिनीचा व्यवहार करणाऱ्या जुन्या माणसाला हे पत्रक म्हणजे जमिनीची जन्मपत्रिका. कूळ कोण होतं, इनाम कसलं होतं, मदतमाशची जमीन होती का, देवस्थानाची होती का, हे सगळं तिथे निघतं. हैदराबाद संस्थानातली कागदपत्रं उर्दूत, म्हणून रोशन गेटला एका चाचांकडे जावं लागे. चाचा जुने कागद वाचून देत. चष्मा कपाळावर सारून कागद नाकाजवळ धरत, बराच वेळ काही बोलत नसत, आणि मग एखादं वाक्य टाकत. ‘पेपर में सब बराबर है, मगर बहन की दस्तखत नै है.’

झालं. ती नोंद वहीतून बाद, किंवा बहिणीची सही येईपर्यंत तिच्यापुढे फुली. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा हक्क महाराष्ट्राने १९९४ला दिला, केंद्राने २००५ला. त्याआधी कायद्याने मुलीला विचारायलाच हवं होतं असं नाही. मामा तरी विचारायचा. त्यामागे स्त्रीदाक्षिण्य वगैरे काही नव्हतं. जळगावला किंवा जालन्याला दिलेली बहीण खरेदीखताच्या दिवशी रजिस्ट्री ऑफिसच्या पायरीवर येऊन बसली की काय होतं ते त्याने पाहिलं होतं.

दलालांच्या आपापसातल्या रीती तर कुठेच लिहिलेल्या नव्हत्या. घर एकाच्या वहीतलं आणि गिऱ्हाईक दुसऱ्याचं असेल तर दलाली निम्मी-निम्मी. बयाना झाला की ते घर त्या संध्याकाळपासून कुणीच दाखवायचं नाही. दुसऱ्याने आणलेल्या पार्टीला स्वतःचा पत्ता द्यायचा नाही. पार्टी फोडणाऱ्याला दंड नव्हता, फक्त त्याच्यासाठी हॉटेलात कुणी खुर्ची सरकवत नसे. दोनचार महिने असे गेले की माणूस एक तर सुधारे किंवा धंदा सोडून रिक्षा घेई. या रीती ऐकायला फार गोड वाटतात. पण त्या दलालांनी दलालांसाठी केलेल्या होत्या, हे विसरून चालणार नाही. घेणाऱ्याच्या बाजूने त्यात एकही ओळ नव्हती.

त्याचा पुरावा शहराच्या चारही दिशांना पसरलेला आहे. पुंडलिकनगर, मुकुंदवाडी, जाधववाडी, पडेगाव, सातारा-देवळाई. शेतकऱ्याची एकर-दोन एकर जमीन, त्यात चुन्याने आखलेले वीस बाय तीसचे तुकडे, मध्ये बैलगाडी कशीबशी जाईल असा ‘रोड’, आणि शंभर रुपयांच्या बॉण्डवर व्यवहार. खरेदीखत नाही, मोजणी नाही, अकृषिक परवाना नाही. गंगापूर-कन्नडकडून कारखान्यात आलेल्या माणसाला गावात घर परवडत नव्हतं आणि सिडकोची सोडत लागत नव्हती. त्याने सहाशे चौरस फूट घेतले, विटा रचल्या, पत्रे टाकले आणि राहायला गेला. एक गुंठा १०८९ चौरस फुटांचा. एकरात चाळीस गुंठे. दलालाने रस्त्यासाठी किती सोडायचं आणि किती विकायचं हे गणित वहीतच केलेलं असे, आणि त्या गणितात शाळा, बाग, मलवाहिनी यांना जागा नसे. मामाने बॉण्डवरचे प्लॉट विकले का? विकले. ‘माणूस उघड्यावर होता, त्याला छप्पर झालं,’ हे त्याचं उत्तर होतं, आणि ते अगदीच खोटंही म्हणता येत नाही. पण आजही त्या वस्त्यांतले लोक तोच बॉण्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून महापालिकेत खेटे घालतात. राज्याने २००१ला गुंठेवारीचा कायदा केला तो १ जानेवारी २००१पूर्वीच्या घरांसाठी. २०२१ला ती तारीख ३१ डिसेंबर २०२०पर्यंत पुढे आली. दरम्यान वीस वर्षं तेच तुकडे तशाच बॉण्डवर हातोहात फिरत राहिले.

तुकड्यांचा वाद मिटला असंही नाही. १२ जुलै २०२१ला नोंदणी महानिरीक्षकांनी परिपत्रक काढून मंजूर ले-आउटशिवायच्या गुंठा-दोन गुंठ्यांची दस्तनोंदणी थांबवली, आणि ५ मे २०२२ला आमच्याच शहरातल्या खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केलं. शंभराचा बॉण्ड मात्र २०२४च्या ऑक्टोबरात गेला, आता पाचशेचाच लागतो. मामा असता तर हळहळला असता.

त्याचा नातू आज याच धंद्यात आहे. मला आत्या म्हणतो. बीड बायपासवर त्याचं काचेचं ऑफिस आहे आणि दर्शनी भिंतीवर चौकटीत नोंदणी प्रमाणपत्र लावलेलं आहे, कारण ते लावणं नियमातच आहे. २०१६चा स्थावर संपदा कायदा १ मे २०१७पासून पुरता लागू झाला, महारेरा प्राधिकरण आलं, आणि शतकानुशतकं टेबलावर चाललेल्या दलालीला पहिल्यांदा नंबर मिळाला. व्यक्ती असेल तर दहा हजार रुपये फी, पाच वर्षांची मुदत. एवढ्यावर भागलं नाही. २०२३ला प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची झाली. पहिली परीक्षा २० मे २०२३ला झाली, बँकेच्या परीक्षा घेणारी आयबीपीएसच ही परीक्षा घेते. पोराने रात्री जागून अभ्यास केला. वाटपपत्र आणि विक्री करारात फरक काय, चटई क्षेत्रात काय धरायचं, करार नोंदवण्याआधी दहा टक्क्यांच्या वर रक्कम घेता येते का. घरात त्याच्या आजोबांचा फोटो होता. त्यांनी आयुष्यभर यातलं बरंचसं केलं होतं आणि यातलं एकही कलम वाचलं नव्हतं. ज्यांनी परीक्षा दिली नाही किंवा प्रमाणपत्र संकेतस्थळावर चढवलं नाही, अशा सुमारे २० हजार एजंटांची नोंदणी महारेराने २०२४मध्ये थांबवली. राज्यातल्या एवढ्या खुर्च्या एका आदेशाने सरकल्या. आमच्या हॉटेलातल्या टेबलाला ते जमलं नसतं.

त्याच्या नोंदीची रीत मी एकदा शेजारी बसून पाहिली. नव्या इमारतीतला फ्लॅट होता. बिल्डरच्या माणसाने फोटो आणि माहितीपत्रक व्हॉट्सॲपवर पाठवलेलं. पोराने ते उघडलंसुद्धा नाही. आधी महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नंबर टाकला. प्रकल्पाचा नंबर तेव्हा ‘पी’ने सुरू व्हायचा, एजंटाचा ‘ए’ने, पुढचे ५१५ हे आमच्या जिल्ह्याचे. ‘५२१ दिसलं की समजायचं पुण्याचं,’ तो म्हणाला. मग एकेक पान. मंजूर नकाशा कुठला, पूर्णत्वाची तारीख काय आणि ती किती वेळा वाढवून घेतली, जमिनीवर कुणाचा बोजा आहे का, कोर्टात दावा आहे का, किती फ्लॅट गेले. मुदत संपलेला प्रकल्प असेल तर त्याची जाहिरातही करायची नाही. नोंदणीच नसलेल्या प्रकल्पातला फ्लॅट विकून दिला तर दंड दिवसाला दहा हजार, आणि तो वाढत वाढत किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. हे सगळं झाल्यावर त्याने माहितीपत्रक उघडलं. त्यात ‘विमानतळ पाच मिनिटांवर’ होतं. त्याने ते खोडून किलोमीटर लिहिले.

‘मिनिटं रात्री दोन वाजताची असतात, आत्या. जालना रोडवर संध्याकाळी सेव्हन हिलवरून निघून दाखवा.’

या काटेकोरपणामागे सज्जनपणा आहेच, पण स्थावर संपदा कायद्याचं कलम बाराही आहे. जाहिरातीतल्या खोट्या मजकुरावर विसंबून पैसे भरणाऱ्याला भरपाई आणि व्याजासकट परतावा मागता येतो. जाहिरातीची व्याख्याही ऐसपैस आहे, कुठल्याही माध्यमातली. त्यामुळे वर्तमानपत्रातली अर्धी पानच नव्हे, चौकातलं होर्डिंग आणि मोबाइलवर फिरणारं चित्रही त्यात येतं. १ ऑगस्ट २०२३पासून प्रकल्पाच्या जाहिरातीवर क्यूआर कोड लागतो, नाही लावला तर पन्नास हजारांपर्यंत दंड. वर्तमानपत्रातल्या जुन्या छोट्या जाहिराती आठवा. ‘मोक्याच्या जागी, रोडटच, स्वच्छ टायटल, त्वरा करा.’ खाली एक फोन नंबर, तोही शेजाऱ्याचा, पीपी. कशाला काही पुरावा नव्हता आणि मोक्याची जागा म्हणजे मिटमिट्याच्या पुढचं शेत निघायचं.

चौरस फुटांचं तर सांगायलाच नको. ९०च्या दशकात फ्लॅट आले आणि त्यांच्याबरोबर बिल्टअप, सुपर बिल्टअप आले. हजार फुटांचा फ्लॅट घ्यायचा आणि आत गेल्यावर सातशे फूट हाती लागायचे. उरलेले तीनशे जिन्यात, लिफ्टमध्ये, टाकीवर आणि वॉचमनच्या खुर्चीखाली. आता विकायचं ते चटई क्षेत्र, आणि त्याची व्याख्या कायद्यातच दिलेली आहे. बाहेरच्या भिंती, बाल्कनी, गच्ची धरायची नाही. आतल्या भिंती धरायच्या. व्याख्येत एवढी स्पष्टता असूनही पार्टी ऑफिसात येऊन पहिला प्रश्न विचारते तो ‘पण बिल्टअप किती?’ हाच. आपल्याला मोठा आकडा ऐकायची सवय लागली ती लागलीच.

इथवर वाचून कुणाला वाटेल की आता सगळं आलबेल आहे. गोम अशी की हे नियम नव्या प्रकल्पांपुरते. पाचशे चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा आठपर्यंत फ्लॅट असतील तर नोंदणी लागत नाही. आणि मामाच्या वहीत जे जे होतं, म्हणजे गुलमंडीचा वाडा, एन-सातचं रो हाऊस, समर्थनगरचा जुना बंगला, ते सगळं फेरविक्रीचं. त्याला ना प्रकल्पाचा नंबर, ना क्यूआर. ही घरं आता ९९एकर्स, मॅजिकब्रिक्स अशा संकेतस्थळांवर चढतात. ती २००५-०६च्या सुमारास सुरू झाली, आमच्याकडे रुळायला आणखी काही वर्षं गेली. तिथे नियम आहेत, पण ते संकेतस्थळाचे. मालक आहात की एजंट ते सांगा, फोटोवर फोन नंबर टाकू नका, एकच घर दोनदा चढवू नका. बाकी सगळं रकान्यांत. खोल्या किती, दिशा कुठली, मजला कितवा, फर्निचर आहे की नाही. यादीतून निवडायचं.

पाण्याच्या रकान्यात ‘२४ तास’ असा एक पर्याय असतो. आमच्या शहरात तो निवडणाऱ्यावर खरं तर गुन्हा दाखल व्हावा. पैठणला नाथसागर भरलेला असतो आणि इथे नळाला पाणी येण्याचा वार लोकांना पाठ करावा लागतो. मामाच्या वहीत पाण्यापुढे ‘आड, बाराही महिने’ किंवा ‘हातपंप, एप्रिलपासून नाही’ असं लिहिलेलं असायचं. पोराचा प्रामाणिकपणा असा की तो तो रकाना कोराच ठेवतो आणि खालच्या मोकळ्या जागेत लिहितो, ‘बोअर आहे, उन्हाळ्यात टँकर.’ त्यामुळे त्याच्या नोंदीला चौकशा कमी येतात. बाजूच्या एजंटाने त्याच इमारतीतल्या फ्लॅटला ‘२४ तास’ टिचकी मारलेली असते.

शहराच्या नावाचाही एक रकाना आहे. २०२३ला औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. जुने दस्त जुन्या नावाचे, नवे नव्याचे, आणि शोधणारे दोन्ही नावांनी शोधतात. पोरगा दोन्ही नावं टाकतो. कुणी तावातावाने फोन केला तर शांतपणे म्हणतो, ‘साहेब, घर तेच आहे.’

यादीत नसलेल्या गोष्टींचं काय, हा मात्र माझा खरा प्रश्न आहे. तीन भावांतला मधला सही करणार की नाही. समोरच्या रस्त्यावर विकास आराखड्याची रेघ कुठून गेली आहे. २०२५ला महापालिकेने रस्तारुंदीकरणासाठी मुकुंदवाडीपासून सुरुवात करून मुख्य रस्त्यांवर बुलडोझर फिरवला, तेव्हा ‘रोडटच’ या चार अक्षरांचा अर्थ कितीतरी लोकांना एका दिवसात कळला. ज्याचं दुकान रस्त्याला जितकं लागून तितकं ते आधी गेलं. अशा गोष्टी वहीवाल्या दलालाला कशा कळायच्या? तो त्याच गल्लीत चहा प्यायचा. नगररचना कार्यालयातला शिपाई त्याच्या ओळखीचा असायचा. ही माहिती तो गिऱ्हाइकाला सांगेच असं नाही, पण त्याच्याकडे ती असायची. आजच्या एजंटाकडे नियमाने दिलेली माहिती भरपूर आहे आणि ती तो सांगायला बांधील आहे. चाचांसारखं कपाळावर चष्मा सारून ‘मगर’ म्हणणारं कुणी त्याच्याकडे नाही.

माझी एक भाची अमेरिकेत, टेक्सासात, डॅलसजवळ याच धंद्यात आहे. ती आमच्या गप्पा ऐकून हसते. तिथे एजंटांची मिळून एक सामाईक यादी असते, एमएलएस म्हणतात. घराची पाटी अंगणात लावली किंवा कुठे जाहीर केलं की एका कामकाजाच्या दिवसात ते त्या यादीत चढवावं लागतं, स्वतःच्या वहीत दडवून ठेवायचं नाही, असा नियम एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेने २०२०पासून घातला. नाव डोक्यात आणि घर वहीत, हा मामाचा सगळा धंदाच त्या नियमात बसत नाही. एवढं उघड काम, तरी टेक्सासात घर कितीला गेलं हे सरकारी दप्तरात सांगावं लागत नाही. आपल्याकडे उलट. आपल्याकडे यादी कुणाचीच सामाईक नाही, पण नोंदणी कार्यालयातली सूची क्रमांक दोन काढली की कुणी कुणाकडून काय किमतीला घेतलं ते दिसतं.

अर्थात तिथे दिसते ती कागदावरची किंमत. मामाच्या वहीत प्रत्येक घरापुढे दोन आकडे असत, एक पेनने आणि एक पेन्सिलने. पेनचा सरकारी भावाला चिकटून. पेन्सिलचा खरा. सौदा झाला की पेन्सिलचा आकडा खोडरबराने पुसला जाई, आणि कागदावर नुसता काळपट डाग राही. बँकेचं कर्ज काढून घर घ्यायची चाल वाढली तशी ही दरी बरीच बुजली, कारण कर्ज पेनच्या आकड्यावरच मिळतं. जमिनीच्या व्यवहारात ती किती बुजली ते विचारू नये. नव्या कायद्यात एजंटाने हिशेबाची पुस्तकं ठेवायची आहेत, आणि पोरगा ती ठेवतोही. संगणकावर, सनदी लेखापालाकडून तपासून. त्यात पेन्सिलीचा रकाना नाही.

मला कुणी विचारलं की घर घ्यायचं तर मामाकडून घेशील की नातवाकडून, तर मी नातवाचं नाव घेईन, आणि फार विचार न करता. गंगापूरच्या त्या कामगाराला १९८८ साली महारेराचा नंबर तपासता आला असता तर त्याच्या घरापुढे आज गटार असतं. पण घर विकायचं असेल तर मन अडतं. विकणारा माणूस आपल्याबरोबर काहीतरी घेऊन आलेला असतो, आणि ते ऐकून घेणं हा दलालीचाच भाग होता. एका बाईंनी गेल्या वर्षी पोराच्या ऑफिसात येऊन पाऊण तास फक्त अंगणातल्या सीताफळाविषयी सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, चहा मागवला आणि बाई गेल्यावर नोंद भरली. सीताफळ कुठे बसेना. शेवटी ‘खासगी बाग’ला टिचकी मारली. त्या टिचकीमुळे घर शोधयादीत वर चढलं आणि तीन आठवड्यांत गेलं, हेही सांगायला हवं.

एक गोष्ट मात्र हॉटेलातल्या टेबलापासून काचेच्या ऑफिसापर्यंत जशीच्या तशी आली आहे. मामा दोन्हीकडून एकेक टक्का घ्यायचा, आणि खरेदीखत झाल्यावर पार्टी ठरलेल्या दलालीतून शंभर-दोनशे तोडायचीच. ‘तुम्ही काय केलं, नुसतं घर तर दाखवलं.’ नातू दोन टक्के घेतो, वर जीएसटी, रीतसर बिल, बिलावर नोंदणी क्रमांक. प्रशिक्षण, परीक्षा, दंडाची टांगती तलवार, प्रत्येक प्रकल्पाचे कागद तपासण्यात गेलेली रात्र. आणि चावी हातात पडल्यावर पार्टी म्हणते, ‘अहो, लिंक तर पाठवली होती तुम्ही फक्त.’